लाल नाडी

परदेश पाहिला की माणसाचं मन मोठं होतं, असं मी विमानात साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. उतरल्यावर साडूंची जुनाट बॅग पट्ट्यावर सर्वांत आधी आली. ओळखू यावी म्हणून त्यांनी पायजम्यातली लाल नाडी काढून तिला बांधली होती. निघताना मी पोटभर हसलो होतो. माझी कोरी काळी बॅग मात्र कुणीतरी आपली समजून उचलून नेली होती. "भावजींना किती सुचतं नाही!" बायको म्हणाली. उभ्या संसारात माझ्याबद्दल ती असं एकदाही बोललेली नाही. हॉटेलात साडूंनी जास्तीचा पायजमा दिला, तोही हसतमुखानं. माझा जळफळाट आणखीच वाढला. तो घालून बाहेर आलो, तर दोघी बहिणी समोरच बसलेल्या. दोन्ही हातांनी पायजमा धरून हळूच म्हणालो, "साडूभाऊ, बॅगेची ती नाडी जरा सोडून देता का?"