नाव घेऊन हाक

काजूच्या बागेत मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून शर्वरीने दुकानातून वॉकीटॉकीच्या तीन जोड्या पारखायला आणल्या होत्या. ज्या जोडीचा आवाज माथ्यावर पोचेल ती ठेवायची, बाकीच्या परत. प्रत्येक जोडीतला एकेक सेट पिशवीत घालून तिचे बाबा, भालचंद्र, डोंगर चढून गेले. खाली अंगणात शर्वरी आणि आई.

माथ्यावर पहिला सेट नुसता खरखरला. दुसऱ्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. तिसऱ्यातून मात्र बायकोचा आवाज खणखणीत आला. "अहो, ऐकू येतंय का?"

"येतंय गो, बोल," असं उत्तर गेलं, पण ते पलीकडच्या बागेतल्या परबांचं. त्यांचाही सेट त्याच चॅनलवर होता.

"आई, नुसतं अहो म्हटलंस तर गावातले सगळे नवरे ओ देतील," सेटवर शर्वरी हसत होती. "नाव घेऊन हाक मार."

लग्नातला उखाणा सोडला, तर छत्तीस वर्षांत बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव भालचंद्रांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी सेट कानाशी धरला.

"उतारावर काजू, पायथ्याशी विहीर, भालचंद्रराव, जेवायला नका करू उशीर."

शब्द न् शब्द स्वच्छ आला. परबांनीही पलीकडून "वा, वहिनी" म्हणून दाद दिली.

"बाबा, मग हीच जोडी ठेवायची ना?"

भालचंद्रांनी बटण दाबलं. "आवाज जरा तुटतोय गं. आईला म्हणावं, परत एकदा बोल."