स्पष्ट उच्चार

शरदिनीबाई मोरीत वेणीमाधवशास्त्र्यांची कवळी ब्रशने घासत होत्या. अर्धांगवायूने शास्त्र्यांचा उजवा हात गेला, तेव्हापासून हे काम त्यांच्याकडे होतं. आज शुद्ध वेदपठणासाठी शास्त्र्यांचा सत्कार होता. न्यायला शिष्य रत्नाकर आला होता.

"काकू, तुमची पण कवळी आहे?" त्याने सहज विचारलं.

"पुढचे तीनच खोटे आहेत," मुलगी मृणालिनी म्हणाली. "मी लहान असताना आई पंचगंगेच्या पायऱ्यांवर पडली होती."

ब्रश थांबला. शरदिनीबाई ओल्या हातात कवळी घेऊन बाहेर आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. शास्त्र्यांनी डावा हात पुढे केला. शरदिनीबाईंनी कवळी मागे घेतली.

"हिला सांगा, माझे दात कसे गेले."

शास्त्र्यांनी रत्नाकरकडे पाहिलं. ओठ आत गेलेला तो चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"काकू, रिक्षावाला केव्हाचा वाट पाहतोय."

"पाहू दे. अहो, सांगा."

"शल्दिनी, लोक वात पाहतायत..." शास्त्री बोळक्या तोंडाने म्हणाले.

"मी चाळीस वर्षं पाहिली."

शास्त्री खाली बघत काहीतरी पुटपुटले. त्यातलं अक्षरही कळलं नाही.

"काय म्हणाले बाबा?" मृणालिनीने विचारलं.

शरदिनीबाईंनी नवऱ्याची हनुवटी धरली, कवळी तोंडात नीट बसवली आणि पदराने ओठांवरचं पाणी टिपलं.

"आता म्हणा. शिष्यांना शिकवता तसं."

शास्त्र्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "मी हिच्या तोंडावर खडाव मारली."

"का?" मृणालिनीने विचारलं.

"हिने माझ्या पाठातली चूक काढली. पाहुण्यांसमोर."

"चूक होती का?"

"होती."

मृणालिनीच्या हातात वडिलांचं उपरणं होतं. ते तिने त्यांच्या खांद्यावर घातलं नाही, खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि ती आईजवळ जाऊन उभी राहिली. रत्नाकर दाराकडे बघत होता.

"ने रे यांना," शरदिनीबाई त्याला म्हणाल्या. "आज एकही अक्षर चुकलं नाही."