चौदा शार्क आणि एक जावई

शनिवार-रविवारच्या स्कूबा सहलीला सासूबाईंना नेताना पराग वाटभर धीर देत होता. "शार्क दिसले तरी घाबरू नका, मी आहे." मालवणच्या बाजारात चाळीस वर्षं शार्क, म्हणजे मोरी, कापून विकलेल्या द्रौपदीबाई नुसती मान डोलवत होत्या.

भर समुद्रात दोघं प्रशिक्षकासोबत खाली उतरली, तर समोर मोजून चौदा शार्क! दुर्दैवाने नेमका तिसऱ्याच मिनिटाला परागचा कान दुखू लागला. तो होडीवर परतला आणि शार्कना त्याच्याविना राहावं लागलं. सासूबाई प्रशिक्षकाचा हात धरून अर्धा तास खालीच होत्या.

वर आल्या तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते.

"बघा, घाबरलात ना?" टॉवेलात गुंडाळलेला पराग मायेने म्हणाला.

"नाय ओ जावयबापू. इतकी वर्सां कापलंय, पण जित्ती मोरी कशी पवता, ता आज बघलंय."