अकरा मिनिटांचा निकाल

“अकरा मिनिटं,” हॉलिस ट्रॅमेल म्हणाला. “अडतीस वर्षं झाली, मिस्टर ऑर्व्हिल, पण ती अकरा मिनिटं काही डोक्यातून जात नाहीत.”

ऑर्व्हिल पेटसने उकडलेल्या शेंगेचं टरफल वाटीत टाकलं. तो एक्क्याण्णव वर्षांचा होता. तेव्हा निकाल देणाऱ्या ज्युरीतल्या बारा जणांपैकी तेवढाच उरला होता. रस्त्यापलीकडे कोर्टाच्या पायऱ्यांवर बँडवाले वाद्यं जुळवत होते. तासाभरात त्या इमारतीला हॉलिसचं नाव दिलं जाणार होतं.

अलाबामातल्या या गावात नाव कमवायला हॉलिसला एकच खटला पुरला. कापसाची जिनिंग गिरणी जळाली होती आणि आळ लूथर बीमवर होता. लूथर काळा, ज्युरीतले बाराही गोरे, त्याचा वकील हॉलिस जेमतेम तिशीतला. लूथर आता तुरुंगातच म्हातारा होणार, असं सगळे धरून चालले होते. ज्युरी आत गेली आणि अकरा मिनिटांत बाहेर आली. निर्दोष! लूथर शिकागोला निघून गेला. पाच वर्षांनी हॉलिस वॉशिंग्टनला गेला, अमेरिकेच्या संसदेत, काँग्रेसमध्ये.

या यशामागे एक नियम आहे, असं हॉलिस मानायचा. ज्युरी निवडताना तो प्रत्येकाला विचारी, “न्याय कराल?” नजर चुकवणारा बाहेर, रोखून बघणारा आत. त्या दिवशी सगळ्यांत रोखून बघितलं होतं ते ऑर्व्हिलने. पुढे तेहतीस वर्षं वॉशिंग्टनमध्येही हॉलिसने माणसं अशीच पारखली. कोणाच्या शब्दावर कुठल्या कायद्याला मत द्यायचं, ते नजरेवरून ठरवलं. आजच्या भाषणात तो हा नियम सांगणार होता. त्याआधी एकदा खात्री करून घ्यायची होती.

“खटल्यातलं माझं शेवटचं भाषण पटलं ना तुम्हाला?”

“कुठलं भाषण? घामाने निथळत होतास, पोरा. तुझा हिरवा टाय आठवतो, शब्द एक नाही.”

“मग लूथर सुटला कसा?”

“दार लागल्या लागल्या मी म्हणालो, आग लूथरने लावलेली नाही. ज्युरीतलाच रूफस म्हणाला, तुला काय ठाऊक? म्हटलं, मी तिथे होतो.” ऑर्व्हिलने दुसरी शेंग सोलली. “पुढे कुणी काही विचारलं नाही. शेजारीच सगळे.”

हॉलिसचा हात खिशातल्या भाषणाच्या कागदांवर थांबला. “तिथे काय करत होतात?”

ऑर्व्हिल त्याच्याकडे बघत राहिला. पापणी लवली नाही.

“काडी मीच ओढली होती. पण माझ्यापायी दुसरा आत जातोय, हे काही बघवेना.”

“अहो, पण त्या दिवशी तुम्ही सरळ माझ्या डोळ्यांत बघत होतात!”

“बघणारच,” ऑर्व्हिल म्हणाला. “तुला कळलंय की काय, ते बघत होतो.”