फाटका मांडा

चुलीवरच्या पालथ्या खापरावरून शेवटचा मांडा उतरवून हर्षालीनं त्याची घडी घातली. लग्नघराची पहिलीवहिली ऑर्डर डब्यांत भरून गेली होती आणि आज एकही मांडा फाटला नव्हता.

मांडा हातांवरच फिरवत मोठा करायचा, म्हणून शिकताना सुरुवातीला ती ओला रुमाल हातांवर फिरवून सराव करायची. मग पुरण भरलेली कणीक घेतली, कोपरापर्यंत चटके सोसले. जरा पातळ झाला की मांडा फाटायचाच. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. सासरे मात्र ते तुकडे दुधात कुस्करून मिटक्या मारत संपवायचे आणि म्हणायचे, “उद्याही कर गं पोरी.”

म्हणून हा अख्खा मांडा तिनं त्यांनाच वाढला. ताटाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

“फाटका नाही का एखादा? मला त्याचीच चटक लागलीय.”

हसता हसता हर्षालीचे डोळे भरले. तिनं आपल्या हातानं मांडा फाडला आणि वरून दुधाची धार सोडली.