रचलेला शेवट

"मावशी, तू नाही आलीस तरी चालेल," यतीन पुन्हा म्हणाला. "फिल्म स्लो आहे. बोअर होशील."

शुभामावशी आरशासमोर पदराला पिन लावत होती. "माझा भाचा लंडनहून आमच्या आयसेलिनला सिनेमा घेऊन आलाय आणि मी घरी बसू? ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत सगळ्यांना सांगून ठेवलंय मी."

यतीनने गाडीची किल्ली उचलली. लंडनमध्ये त्याने वर्षानुवर्षं कमी बजेटच्या सिनेमांच्या पटकथा लिहिल्या होत्या. बहुतेक फायलीतच राहिल्या. ही एक पडद्यावर आली, गाजली, आणि तिच्यात मावशीचं घर होतं. तिच्या नवऱ्याचे, मनोहरकाकांचे, चारचौघांतले टोमणे होते. त्यांनी मावशीला कधी ड्रायव्हिंग शिकू दिलं नाही, तेही होतं. फक्त गाव बदलून लेस्टर केलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण शेवट फिका पडतोय, असं प्रोड्यूसर म्हणाली. काका खरोखरच स्वयंपाकघरात हार्ट अटॅकने गेले होते. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. यतीनने सिनेमातल्या बाईला फोन वेळेवर करूच दिला नाही. नवरा फरशीवर तडफडतो, ती पोळ्या लाटत राहते. तो निपचित पडल्यावर हात धुते आणि फोन उचलते. त्याच सीनमुळे त्याला अवॉर्ड मिळालं.

दुपारच्या शोला बरीच मराठी मंडळी होती. तो सीन आला तेव्हा मागून कोणीतरी "बाप रे" म्हणालं. यतीनला मावशीकडे बघवेना.

बाहेर येताना एक काकू तिच्याशी बोलायला पुढे झाल्या आणि न बोलताच वळल्या. यतीनने ते पाहिलं.

गाडीत बसल्यावर त्याने गाडी सुरूच केली नाही.

"मावशी, मला माफ कर. लोकांना वाटेल, हे तुझंच आहे. त्या दिवशी तू किती धावपळ केली असशील, आणि मी... तो शेवट सगळा खोटा आहे गं. माझ्या मनाचा."

"तुला कोणी काही सांगितलं नव्हतं?"

"नाही. कोण सांगणार?"

मावशीने सुस्कारा सोडला. तिने सीटबेल्ट लावला.

"पोळ्या नव्हत्या रे," ती म्हणाली. "मी भांडी घासत होते."