पाच चालकांचा गोपनीय अहवाल

"निळ्या यंत्रात कोण बसतं हो, बाबा?" लेकीनं विचारलं.

शेरेसाहेब मिशीतल्या मिशीत हसले. सकाळपासून हा प्रश्न तिसऱ्यांदा आला होता. बत्तीस वर्षं कारखान्यात माणसांचे गोपनीय अहवाल लिहून, त्यावर शेरे मारून त्यांना हे टोपणनाव चिकटलं होतं. एकच प्रश्न तीनदा विचारायचा आणि समोरचा उत्तर बदलतो का ते बघायचं, हा डाव त्यांचा स्वतःचा. आता लेक बापावरच खेळत होती.

"अबोल्या," ते म्हणाले. "डावा हात लोखंडी, वरिष्ठांना जुमानत नाही. आणखी काही?"

"नाही, एवढंच." तिनं ते चिठोऱ्यावर लिहून घेतलं.

लिहून घेते! म्हणजे पुरावा गोळा करणं चाललंय.

मालिका जपानी ॲनिमेची, म्हणजे कार्टूनची होती. पाच पोरं पाच मजली लोखंडी यंत्रमानवांच्या छातीत बसतात आणि दर भागात जग वाचवतात. लेकीनं पंधरा दिवसांपूर्वी ती आणली, सोबत छापील कागदही. पाच मुख्य पात्रं, प्रत्येकाचं नाव, यंत्राचा रंग, स्वभाव, दहापैकी गुण.

"आपण दोघांनी बघायची आणि दोघांनीही गुण द्यायचे," ती म्हणाली होती. "गंमत म्हणून."

गंमत! साहेबांनी काय केस उन्हात पांढरे केले होते?

गेल्या महिन्यात जावई दोघांना एका डॉक्टरकडे घेऊन गेला होता. "चला, तुमचंही बघून घेऊ," म्हणाला. डॉक्टरनं कागदावर घड्याळ काढायला लावलं. लेकीनंही काढलं, सोबतीला. बापाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून बिचारीनं सगळे आकडे एका बाजूला कोंबून मुद्दाम गबाळं काढलं. साहेबांना भरून आलं होतं. मग बाहेर जिन्यापाशी जावयाला फोनवर कुणाला तरी सांगताना त्यांनी ऐकलं, "डॉक्टर म्हणतात, यापुढे एकटं सोडायचं नाही."

त्या दिवसापासून साहेब घरातली एकेक वस्तू मोजत होते. दोन खोल्यांचं घर, खिडकीतली खुर्ची, कनवटीला लावलेली किल्ली, बायकोच्या हातची शिवणाची पेटी. नापास झालो की या सगळ्याला कुलूप, आणि आपली रवानगी कुणाच्या तरी मागच्या खोलीत. विचारणार कोणी नाही. त्यांनी तरी बत्तीस वर्षांत कुणाला विचारलं होतं? अहवालाच्या दुसऱ्या टोकाला माणूस फक्त ताठ बसू शकतो, हे त्यांना आत्ता कळत होतं.

म्हणून त्यांनी कंबर कसली. सव्वीसच्या सव्वीस भाग दोनदा बघितले. कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता केला, तो आंघोळ करताना मोठ्यानं पाठ म्हटला. आणि आज, टाकाला शाई लावावी तशा थाटात, त्यांनी शेरे लिहायला घेतले.

लाल यंत्र, तापट ताई. धडाडी वाखाणण्याजोगी, तीन वेळा यंत्राचं मुंडकं हरवलं, त्याबद्दल लेखी खुलासा घ्यावा. सहा गुण.

हिरवं यंत्र, खादाड. युद्ध चालू असताना डबा उघडतो. हजेरी मात्र शंभर टक्के. सात.

पिवळं यंत्र, छोटी डॉक्टरीण. स्वतः जखमी असून इतरांच्या जखमा बांधते. बढतीस पात्र, मागणार मात्र कधीच नाही. नऊ.

काळं यंत्र, कप्तान. गोड बोलतो. शत्रूला फितूर असल्याचं विसाव्या भागात उघड. असे प्रत्येक खात्यात असतात. दोन.

निळ्या यंत्राचा शेरा लिहून होतोय, एवढ्यात करपल्याचा वास आला. साहेब उठून धावले. दूध उतू जाऊन शेगडीभर झालं होतं आणि लेक शेजारीच, खिडकीबाहेर बघत उभी. त्यांनी गॅस बंद केला.

"अगोबाई!" ती म्हणाली. "मीच ठेवलं होतं का?"

"मग काय, मांजरानं?" साहेब म्हणाले आणि मनात स्वतःला पूर्ण गुण देऊन टाकले. प्रसंगावधानाचीसुद्धा परीक्षा! लेक बापाच्या वरताण निघाली.

संध्याकाळी जावई तिला न्यायला आला. घर तीन गल्ल्यांवर, तरी हल्ली हा रोज सोडायला आणि न्यायला हजर. साहेबांवर पाळत ठेवायची तर निमित्त हवंच.

लेक आत चप्पल शोधत होती. साहेबांनी कागद पुढे केला.

"घ्या जावईबापू. पाचही नावं, पाचही रंग, फितुरीचा भाग क्रमांकासकट. तुमच्या डॉक्टरला सांगा, म्हातारा अजून एकटा राहू शकतो."

जावयानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. छोट्या डॉक्टरणीच्या शेऱ्यापाशी तो जरा थांबला.

"तुमचं बरोबरच येणार, बाबा. ते ठाऊकच होतं."

"मग ही नसती उठाठेव कशाला?"

"दोन कागद ताडून बघायचे, तर एक बरोबर असावा लागतो ना."

"बाबा," आतून हाक आली, "त्या निळ्या यंत्रात कोण बसतं हो?"

"चौथ्यांदा!" साहेबांनी मांडीवर थाप मारली. "बघा, बघा कशी चिवट आहे! आमच्या कारखान्यात असती ना, तर भल्याभल्यांना घाम फोडला असता."

जावई हसला नाही. त्यानं पिशवीतून डॉक्टरची फाइल काढली, साहेबांचा कागद तिच्यात लावला आणि फाइल मिटून टेबलावर ठेवली. साहेबांनी सवयीनं चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वरची ओळ वाचली.

'रुग्ण' या छापील शब्दापुढे लेकीचं नाव होतं.